विचारलेला प्रश्न, सांगितलेला प्रश्न

आमच्या शाळेत दिवसातून निदान दहा वेळा घडणारी एक गोष्ट आहे. मुख्याध्यापिका, म्हणजे मुलांच्या भाषेत मोठ्या बाई, कार्यालयावरून जाणाऱ्या एखाद्या मुलीला थांबवतात आणि सांगतात, "वर जाऊन बाईंना विचार, त्यांचे सहामाहीचे पेपर तपासून झाले का?" मुलगी जिना चढून माझ्या वर्गाच्या दारात येते आणि म्हणते, "बाई, मोठ्या बाईंनी विचारलंय, तुमचे सहामाहीचे पेपर तपासून झाले का." एवढ्याशा निरोपात तिने काय काय केले, ते पाहण्यासारखे आहे. ऐकणारी व्यक्ती बदलली म्हणून तिने 'त्यांचे'चे 'तुमचे' केले. प्रश्न आपला नाही, दुसऱ्याचा आहे, हे 'विचारलंय' या एका क्रियापदाने स्पष्ट केले. प्रश्नातला 'का' तिने जागच्या जागी ठेवला, पण प्रश्न विचारताना चढतो तसा आवाज मात्र चढवला नाही. हे सारे तिला कोणीही शिकवलेले नाही. त्याच मुलीने पुढच्या आठवड्यात चाचणी परीक्षेत लिहिले, "हेडमिस्ट्रेस आस्क्ड टू टीचर दॅट आर युवर पेपर्स चेक्ड?" आणि तिला शून्य गुण मिळाले. ते शून्य मीच दिले होते.

गिरणगावातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी वीसहून अधिक वर्षे इंग्रजी शिकवते आहे. 'डायरेक्ट-इनडायरेक्ट' या नावाने ओळखला जाणारा, दुसऱ्याचे बोल आपल्या वाक्यात सांगण्याचा व्याकरणाचा भाग, आणि त्यातही प्रश्नार्थक वाक्यांचे रूपांतर, हा मुलांना सर्वांत अवघड वाटणारा भाग आहे, असे माझे सहकारीही सांगतात. त्यावर उपाय म्हणून आपण आणखी सराव देतो, आणखी तक्ते लावतो, आणखी जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेतो. माझे म्हणणे असे आहे की अडचण सरावाच्या कमतरतेची नाही. जे कौशल्य मूल मराठीत रोज बिनचूक वापरते, तेच कौशल्य इंग्रजीच्या तासाला आपण त्याच्यासमोर अनोळखी यंत्रासारखे ठेवतो, ते मराठीशी जोडून दाखवत नाही, आणि परीक्षेतही सुट्या वाक्यांची उलटापालट करायला लावून त्यातला अर्थ काढून टाकतो. हा प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. दुसऱ्याने विचारलेला प्रश्न बदल न करता तिसऱ्यापर्यंत पोहोचवता येणे ही सार्वजनिक जीवनातली मोठी गरज आहे, आणि ती गरज मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजीतही भागवता यायला हवी.

आधी तक्त्याकडे पाहू. अवतरणचिन्हे काढा. 'सेड टू'चे 'आस्क्ड' करा. उत्तर हो किंवा नाही असे येणारे असेल तर 'इफ' किंवा 'व्हेदर' घाला, प्रश्नार्थक शब्द असेल तर तोच जोडशब्द म्हणून ठेवा. कर्ता आधी, क्रियापद नंतर. काळ एक पायरी मागे न्या. 'नाऊ'चे 'देन', 'हिअर'चे 'देअर', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे'. प्रश्नचिन्ह काढून पूर्णविराम द्या. हे नियम बहुतांशी बरोबरच आहेत आणि ते शिकवू नयेत असे मला म्हणायचे नाही. माझी तक्रार एवढीच आहे की यातल्या एकाही नियमाचे कारण मुलाला कळत नाही, आणि ज्याचे कारण कळत नाही ते परीक्षेच्या ताणात सर्वांत आधी विसरले जाते.

आता त्या मुलीचे चुकलेले वाक्य पुन्हा वाचा. त्यातली एकही चूक निष्काळजीपणाची नाही. 'टू टीचर' आले ते 'बाईंना' या शब्दातल्या 'ना'वरून. मराठीत विचारायचे ते कोणाला तरी, आणि 'ला-ना' म्हणजे 'टू' हे समीकरण तिला पाचवीपासून पाठ आहे. 'दॅट' आले ते 'की'वरून. 'आर युवर पेपर्स' आले ते दोन कारणांनी: प्रश्न विचारताना क्रियापद आधी घ्यायचे हे तिने मोठ्या कष्टाने शिकलेले होते, आणि मराठीत निरोप सांगताना काळ बदलावा लागत नाही. म्हणजे तिची मराठी जिथे जिथे इंग्रजीपासून वेगळी वाट धरते, नेमक्या त्याच जागा या एका वाक्यात खुणेसारख्या उमटल्या आहेत. शिक्षकाच्या हाती याहून चांगला नकाशा पडणार नाही. आपण मात्र त्यावर लाल शाईची फुली मारतो आणि पुढचा पेपर घेतो.

'की'ची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मराठीत 'तो म्हणाला की पाऊस थांबला' आणि 'त्याने विचारले की पाऊस थांबला का' या दोन्ही वाक्यांत 'की' चालतो. सांगणे असो की विचारणे, तो भेद करत नाही. इंग्रजीतला 'दॅट' मात्र सांगण्यापुरताच आहे. विचारण्यात सांध्याचे काम प्रश्नार्थक शब्द स्वतःच करतो किंवा 'इफ' आणि 'व्हेदर' करतात, त्यामुळे तिथे 'दॅट' आला की एकाच जागी दोन सांधे होतात. ही गोष्ट मराठीत सांगितली तर पाच मिनिटांत कळते. शिवाय 'व्हेदर' म्हणजे काय, हे समजावण्यासाठी मराठीत आयते शब्द तयार आहेत: 'की नाही'. 'तो येणार की नाही ते विचार' या वाक्यातला 'की नाही' म्हणजेच 'व्हेदर'. हे एकदा सांगितले की मुले तो शब्द सहसा विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे. तक्त्यात मात्र 'इफ/व्हेदर' अशी तिरकी रेघ मारलेली जोडी असते आणि मुलांना 'इफ' म्हणजे 'जर' एवढेच ठाऊक असते. मग 'त्याने विचारले जर मी येतो' असला विचित्र अर्थ मनात धरून ती बिचारी वाक्य लिहितात.

मराठीला खरे तर 'की'चीही गरज नाही. 'पाऊस थांबला का म्हणून विचारले', 'पाऊस थांबला का असे विचारले' ही आपली बोलण्यातली घडण. तिच्यात आधी दुसऱ्याचे बोल जसेच्या तसे येतात आणि मागून 'म्हणून' किंवा 'असे' येऊन सांगते की हे बोल दुसऱ्याचे आहेत. कन्नडमधला 'एंदु', तेलुगूतला 'अनि' आणि तमिळमधला 'एन्रु' हेच काम याच जागी करतात. मुंबई महानगरपालिका आठ माध्यमांच्या शाळा चालवते आणि त्यांत या तिन्ही भाषा आहेत. त्या शाळांतल्या मुलांनाही इंग्रजीतला हा सांधा वाक्याच्या आधी आणावा लागतो, तेव्हा त्यांची अडचण आपल्या मुलांच्या अडचणीची सख्खी बहीण असणार. या शहरात हा विषय शिकवताना शेजारच्या भाषेचा आधार घेता येतो, आणि तरीही आपण तो कोणाचीच भाषा नसलेल्या तक्त्यातून शिकवतो, याचे मला वाईट वाटते.

दुसरी मोठी अडचण 'डू'ची. मराठीत 'तू राहतोस' आणि 'तू कुठे राहतोस' यांत शब्दांची उलथापालथ होत नाही. 'कुठे' हा शब्द फक्त आपल्या जागी येऊन बसतो. इंग्रजीत मात्र 'व्हेअर डू यू लिव्ह' असे म्हणावे लागते, आणि या 'डू'ला मराठीत प्रतिशब्दच नाही. हे रूप मुलांच्या जिभेवर बसवण्यात आमची दोन-तीन वर्षे जातात. ते बसते न बसते, तोच आम्ही सांगतो की इनडायरेक्टमध्ये हा 'डू' काढून टाका, 'ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड' असे लिहा. मुलाला वाटते, मग आधी शिकवले ते चूक होते काय? कारण न सांगता दिलेला हा आदेश त्याचा आधीचा पायाही हलवतो. कारण सांगणे अवघड नाही. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या आधी आणणे ही 'मी तुला आत्ता विचारतो आहे' अशी खूण आहे. मराठीत ते काम बहुतेक वेळा आवाज आणि 'का' करतात. पण 'त्याने विचारले' असे आपण आधीच सांगितले की ती खूण उरत नाही, कारण आता कोणी कोणाला विचारत नाही, विचारल्याची हकिकत सांगत आहे. निरोप घेऊन आलेली मुलगी आवाज चढवत नाही, त्याच कारणाने इंग्रजी वाक्य आपला क्रम सरळ करते. इतके सांगितले की 'डू' का जातो हे मुलाला कळते, आणि प्रश्नचिन्ह का जाते तेही वेगळे सांगावे लागत नाही.

काळाच्या नियमात तर आपण मुलांवर सरळ अन्याय करतो. मराठी माणूस दुसऱ्याचे बोलणे सांगताना बोलणाऱ्याच्या क्षणात जाऊन उभा राहतो: 'ती म्हणाली, मला बरं नाही'. इंग्रजी माणूस आपल्याच जागेवर, आपल्याच घड्याळाकडे पाहत सांगतो, म्हणून त्याला ती गोष्ट मागे पडलेली दिसते आणि 'इज'चे 'वॉज' होते. या उभे राहण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्ही आपापल्या भाषेत शहाण्या आहेत. हा भेद समजला की आणखी एक गोष्ट समजते, जी गाईडे सहसा सांगत नाहीत: जी गोष्ट सांगतानाही खरी आहे, तिचा काळ मागे नेलाच पाहिजे असे इंग्रजीतही नाही. कुर्ला स्थानकात कोणी मला विचारले की पनवेलला कोणती गाडी जाते, आणि मी घरी येऊन 'ही आस्क्ड मी व्हिच ट्रेन गोज टू पनवेल' असे सांगितले, तर ते चूक नाही, कारण गाडी अजूनही जाते. उत्तरसूचीत मात्र फक्त 'वेंट' असते. तसेच 'टुडे'चे 'दॅट डे' करण्याचे. कुर्ल्याच्या त्याच फलाटावर, त्याच संध्याकाळी मी निरोप सांगत असेन तर 'आज' हा 'आज'च राहतो आणि 'इथे' हे 'इथे'च राहते. तक्ता जागा आणि वेळ विचारत नाही, म्हणून तो मुलालाही विचारू देत नाही की कोण, कुठे उभे राहून, कोणाला, केव्हा सांगत आहे. हे चार प्रश्न म्हणजेच तर हा सगळा धडा आहे.

मराठीला अप्रत्यक्ष कथन नाहीच, असे कधी कधी ऐकायला मिळते. ते खरे नाही. वर्तमानपत्र उघडा: 'आपण राजीनामा देणार नाही, असे मंत्र्यांनी सांगितले.' हा 'आपण' वाचकाला उद्देशून नाही, वार्ताहराचाही नाही. तो ज्याचे बोल सांगितले जात आहेत त्याचा आहे. 'मी' लिहिले असते तर ते वार्ताहराचे वाटले असते, 'ते' लिहिले असते तर आणखी कोणी तिसरे वाटले असते. इंग्रजीत 'ही सेड ही वुड नॉट रिझाइन' म्हटल्यावर दुसरा 'ही' कोण, हा संशय उरू शकतो. मराठीचा 'आपण' तो संशय मिटवतो. ज्या भाषेने ही सोय स्वतः घडवली आहे, त्या भाषेच्या मुलांना दुसऱ्याचे बोल सांगणे ही कल्पनाच परकी आहे असे समजून शिकवणे हे अज्ञान आहे. सर्वनामांचा तक्ता फळ्यावर लिहिण्याआधी मी आता वर्तमानपत्राचे कात्रण वाचून घेते आणि 'हा आपण कोण?' असे विचारते. हात वर व्हायला वेळ लागत नाही.

हा सार्वजनिक प्रश्न का, याचे उत्तर शाळेच्या बाहेर मिळते. सत्र न्यायालयातल्या खटल्यात साक्षीदाराची साक्ष सामान्यतः निवेदनाच्या रूपात लिहून घ्यावी, प्रश्नोत्तराच्या रूपात नव्हे, अशी तरतूद १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ मध्ये होती. न्यायाधीशांना वाटल्यास एखादा भाग प्रश्नोत्तरांत घेण्याची मुभाही त्यात होती. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा नव्या संहितेने घेतली, पण निवेदनाची पद्धत राहिली. याचा अर्थ असा की वकिलाने विचारलेला प्रश्न आणि साक्षीदाराने दिलेले उत्तर मिळून कागदावर एकच वाक्य उतरते. 'तुम्ही त्या रात्री घरी नव्हता, हे खरे आहे का?' या प्रश्नाला साक्षीदार 'नाही' म्हणाला, तर नोंद होते, 'मी त्या रात्री घरी नव्हतो असे म्हणणे खरे नाही.' प्रश्न उत्तराच्या पोटात गेला. तोलून लिहिले नाही तर त्या एका 'नाही'चे दोन अर्थ होतात: तो घरी नव्हता, की नव्हता हे म्हणणे खरे नाही? पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले की तिथली भाषा इंग्रजी. मराठी कागदांचे भाषांतर होते आणि हे वाक्य पुन्हा एकदा एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाते. हे काम करणारा लघुलेखक, भाषांतरकार, तरुण वकील कुठल्या तरी शाळेतल्या 'डायरेक्ट-इनडायरेक्ट'च्या तासालाच बसलेला असतो.

विधान भवनात आमदारांचे तारांकित प्रश्न छापले जातात, त्यांची सुरुवात 'सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय' अशी होते आणि पहिला पोटप्रश्न बहुधा 'हे खरे आहे काय' या शब्दांनी संपतो. संसदेत तोच प्रश्न इंग्रजीत 'विल द मिनिस्टर बी प्लीज्ड टू स्टेट' असा सुरू होतो आणि पुढे येते 'व्हेदर इट इज अ फॅक्ट दॅट'. जो 'व्हेदर' आमच्या मुलांना एका गुणाचा रिकाम्या जागेतला शब्द वाटतो, त्यावर लोकशाहीत सरकारला जाब विचारण्याची एक रीत उभी आहे. विधान भवनापर्यंत जायचीही गरज नाही. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत एक सभासद तावातावाने उठून विचारतो, "दुरुस्ती निधीचा हिशेब कुठे आहे?" आणि सचिव इतिवृत्तात लिहितात, 'सभासदांनी दुरुस्ती निधीबाबत चर्चा केली.' प्रश्न गायब झाला. 'अमुक सभासदांनी दुरुस्ती निधीचा हिशेब तयार आहे का, असे विचारले' हे वाक्य लिहिले गेले असते तर पुढच्या सभेत त्याचे उत्तर द्यावे लागले असते. रुग्णालयात डॉक्टर मराठीत किंवा हिंदीत विचारतात आणि केस पेपरवर इंग्रजीत लिहितात. मालाडच्या कॉल सेंटरमध्ये ग्राहकाने नेमके काय विचारले ते फोन ठेवता ठेवता टंकावे लागते. सगळीकडे काम तेच आहे, आणि 'क्वेरी रिझॉल्व्ह्ड' एवढेच लिहून सुटका करून घेणारा कर्मचारी कामचुकार असतोच असे नाही. अनेकदा त्याला ते वाक्य रचता येत नसते, हे माझ्या माजी विद्यार्थ्यांनीच मला सांगितले आहे.

दोन भाषा शेजारी ठेवून शिकण्याची परंपरा या शहराला नवी नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली मुंबईत प्रसिद्ध झाले. 'तर्खडकर भाषांतर पाठमाला' या नावाच्या पुस्तकांवर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरवले. मराठी वाक्य घ्यायचे, त्याची घडण पाहायची आणि मग इंग्रजीत उतरवायचे. त्या पद्धतीत बोलण्याचा सराव मिळत नसे, हा तिचा दोष होता आणि तो मान्य केलाच पाहिजे. पण मराठीतून इंग्रजीकडे जाणारा पूल तिने बांधला होता. २००० साली महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आले, बोलण्यावर भर आला, ते चांगलेच झाले. त्याबरोबर मात्र 'इंग्रजीचा तास इंग्रजीतूनच' हा आग्रह इतका वाढला की वर्गात मराठी बोलणे हे शिक्षकाचे अपयश मानले जाऊ लागले. तपासणीला कोणी आले की आम्ही शिक्षकही मराठी गिळून टाकतो.

या आग्रहामागचा युक्तिवाद मी नाकारत नाही. लालबाग-परळच्या चाळीतल्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडते ते या एका तासालाच. तोही तास मराठीत गेला तर त्याने इंग्रजी ऐकायचे कधी? हा प्रश्न रास्त आहे. माझे उत्तर असे की गोष्ट इंग्रजीत सांगा, सूचना इंग्रजीत द्या, संवाद इंग्रजीत करून घ्या, पण जिथे चूक मराठीच्या घडणीतून येते तिथे ती घडण मराठीतच उलगडून दाखवा. ही सूट तासातल्या पाच-सात मिनिटांची आहे. मुलाच्या डोक्यातला 'की' आपण न बोलल्याने नाहीसा होत नाही. तो न बोलता 'दॅट' होऊन कागदावर येतो.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो. 'ही आस्क्ड मी व्हेअर वॉज आय गोइंग' असे भारतात लाखो शिकलेली माणसे बोलतात, आयर्लंडमधल्या इंग्रजी बोलीतही प्रश्नाचा उलटा क्रम असाच टिकून आहे, मग त्याला चूक तरी का म्हणायचे? भाषाशास्त्राच्या दृष्टीने यात तथ्य आहे, आणि कोणाच्या बोलण्यात हे आले तर त्याला टोकू नये, असेच माझे मत आहे. पण न्यायालयाचा कागद, अर्ज, अहवाल, नोकरीची लेखी परीक्षा यांत जो क्रम प्रमाण मानला जातो, तो इंग्रजी माध्यमातल्या मुलाला सहज मिळतो आणि माझ्या विद्यार्थ्याला शाळेनेच द्यावा लागतो. तो न देता 'तुझेही बरोबरच आहे' असे म्हणणे हा उदारपणा नव्हे. फक्त देताना हे सांगावे की हा लिखित इंग्रजीचा संकेत आहे. तुझ्या बुद्धीत काही उणे आहे म्हणून तो चुकत नाही.

तिसरा आक्षेप गुणांचा आणि तो सर्वांत बळकट आहे. 'डू अ‍ॅज डायरेक्टेड' या सदरातले एक वाक्य, त्याचे एक उत्तर, त्याला एक गुण: लाखो उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मंडळाला हीच पद्धत सोयीची, आणि पालकांनाही गुण कुठे गेला ते बोट ठेवून दाखवता येते. तरीही याच प्रश्नपत्रिकेत पत्रलेखन असते, लेखनाचे इतरही प्रश्न असतात, आणि ते तपासण्याचे निकष मंडळाने ठरवलेलेच आहेत. चार-पाच वाक्यांचा एक संवाद द्यावा आणि सांगावे की तू तिथे होतास, घरी आल्यावर आईसाठी इंग्रजीत चिठ्ठी लिही किंवा शाळेच्या कार्यालयासाठी नोंद लिही. कोणी, कोणाला, काय विचारले हे नीट पोहोचले तर निम्मे गुण, वाक्याची घडण बरोबर असेल तर उरलेले. आणि हे होईपर्यंत निदान उत्तरसूचीत 'गोज' आणि 'वेंट' ही दोन्ही उत्तरे ग्राह्य धरावीत. त्याला अभ्यासक्रम बदलावा लागत नाही, एक ओळ बदलावी लागते.

गेल्या वर्षी मी नववीच्या वर्गाला एक काम दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचे आजोबा किंवा शेजारचे कोणी ना कोणी त्यांच्यापैकी होते. मुलांनी घरी मराठीत पाच प्रश्न विचारायचे आणि वर्गात ते इंग्रजीत सांगायचे, एवढेच काम होते. तक्ता मी फळ्यावर लिहिला नाही. एक मुलगी म्हणाली की तिने आजोबांना विचारले ते कोणत्या खात्यात होते, आणि 'आय आस्क्ड हिम व्हिच डिपार्टमेंट ही वर्क्ड इन' हे वाक्य तिने अडखळत पण सरळ क्रमाने रचले. एकीला 'व्हेदर' हवा होता आणि तिने मागून 'की नाही, की नाही' असे पुटपुटत तो शोधून काढला.

मग एक मुलगा उठला. त्याने आजोबांना विचारले होते की म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या सोडतीत त्यांना घर का लागले नाही. आजोबांनी उत्तर दिले नव्हते, उलट त्यालाच विचारले होते, "तुला कोणी सांगितलं, लागलं नाही म्हणून?" हे वाक्य इंग्रजीत सांगणे सोपे नाही, प्रश्नाच्या पोटात एक सांगणे आहे, सांगण्याच्या पोटात एक नकार आहे आणि 'म्हणून' अगदी शेवटी येतो. मुलगा थोडा थांबला आणि म्हणाला, "ही आस्क्ड मी हू टोल्ड मी दॅट ही डिड नॉट गेट इट." तक्त्याप्रमाणे तिथे 'हॅड टोल्ड' हवे होते आणि 'हॅड नॉट गॉट' हवे होते. मी ते फळ्यावर बाजूला लिहून ठेवले आणि त्याचे वाक्य तसेच राहू दिले, कारण 'दॅट' त्याने नेमका जिथे हवा तिथेच घातला होता आणि जिथे नको तिथून वगळला होता. ते का, हे मी वर्गाला विचारणार होते, पण वर्गाचे लक्ष व्याकरणाकडे नव्हतेच. मागच्या बाकावरून दोघे-तिघे एकदम म्हणाले, "मग? लागलं होतं का?" मुलाला माहीत नव्हते. सोमवारी आजोबांना पुन्हा विचारून ये आणि ते काय म्हणाले ते आम्हाला इंग्रजीत सांग, असे मी त्याला सांगितले.